पाचशे पौंड गवत

१९४५ सालचा पावसाळा सरत असताना डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांतील वारल्यांनी जमीनदारांपुढे एक साधी मागणी ठेवली. पाचशे पौंड गवत कापण्याची मजुरी अडीच रुपये मिळाली पाहिजे, ही ती मागणी. तोवर जमीनदार देईल तो दर आणि त्याचा काटा सांगेल ते वजन, असा शिरस्ता होता. मागणी मान्य होईना, तेव्हा डोंगरउतारावर पिकून उभे असलेले गवत कापायला कुणी जाईना. त्या संपाचा इतिहास महाराष्ट्रात बऱ्याच जणांना ठाऊक आहे. गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे १९७० साली प्रसिद्ध झालेले पुस्तक अनेक शिक्षकांनी वाचलेले असते. पण त्या इतिहासातल्या गवताकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. ते कोणते गवत होते, कुठे जात होते, त्याच्याबरोबर या जमिनीतून काय निघून जात होते? आणि इतक्या मागणीचा हा माल असताना त्यात सुधारणा करावी, जोडीला एखादे द्विदल चाऱ्याचे पीक पेरावे, असे दीडशे वर्षांत कुणाच्या मनात का आले नाही? या लेखात आम्ही त्या गवताच्या भाऱ्याच्या बाजूने हा इतिहास पाहणार आहोत.

आजचा पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याचे तीन पट्टे सहज दिसतात. पश्चिमेला समुद्रकाठच्या बागायती आणि खाजणे, मध्ये पालघर, बोईसर, डहाणू ही स्टेशने असलेली भातशेतीची सपाटी, आणि पूर्वेला मनोर, विक्रमगड, जव्हारकडे चढत जाणारा डोंगराळ मुलूख. भाताची खाचरे सोडून उरलेल्या उताराच्या जमिनीला इकडे वरकस म्हणतात. वरकस जमिनीवर पाळीपाळीने नागली, वरई घ्यायची, राबासाठी पालापाचोळा आणायचा, आणि जमीन विसाव्याला सोडली की तीवर आपोआप गवत माजायचे. पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास, तोही चार महिन्यांत. गवत पेरावे लागतच नव्हते. जूनमध्ये हिरवळ फुटायची, सप्टेंबरात माणसाच्या कमरेइतके गवत उभे राहायचे, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास ते सोनेरी होऊन डोलू लागायचे.

या गवताला गिऱ्हाईक मिळवून दिले ते रेल्वेने. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग १८६४ साली गुजरातेतून मुंबईपर्यंत पोचला आणि पालघर-बोईसरची सपाटी मुंबईपासून काही तासांच्या अंतरावर आली. त्या काळची मुंबई गवतावर चालणारी होती, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. १८७४ साली सुरू झालेल्या मुंबईच्या ट्रामगाड्या १९०५ पर्यंत घोडे ओढीत होते. व्हिक्टोरिया आणि खटारे निराळेच. घोडे कमी झाले तरी गवताची मागणी घटली नाही, कारण शहर वाढले तसे दूध लागू लागले. दुधासाठी म्हशींचे तबेले शहराच्या आतच उभे राहिले होते. ताजी व्यालेली म्हैस गुजरातेतून किंवा उत्तरेतून आणायची, दूध देते तोवर ठेवायची, आटली की बहुधा कसायाकडे धाडायची, असा तो धंदा होता. म्हैस आगगाडीने यायची आणि तिचे गवतही आगगाडीनेच यायचे. ठाणे जिल्ह्यात स्टेशनांजवळ गवताच्या वखारी झाल्या. तेथे सुटे गवत यंत्राने दाबून त्याच्या गाठी बांधीत, कारण सुटे गवत डब्यात भरले तर जागा अडते आणि वजन भरत नाही.

जमीनदाराच्या दृष्टीने यासारखा दुसरा सोयीचा माल नव्हता. भात लावायचे तर नांगरणी, चिखलणी, लावणी, बेणणी अशी माणसे लागतात. गवताला नांगर नको, बी नको, खत नको. खर्च काय तो कापणीचा आणि वाहतुकीचा. म्हणजेच नफा वाढवायचा एकच मार्ग उरतो, तो कापणाऱ्याची मजुरी दाबण्याचा. वारल्यांच्या बाबतीत तर ती मजुरी वेठीने आणि कर्जाने आधीच बांधलेली होती. लग्नासाठी काढलेल्या थोड्या रुपयांच्या कर्जापोटी नवराबायको पुढे वर्षानुवर्षे सावकाराच्या घरी राबत. या प्रथेला ‘लग्नगडी’ असे नाव होते. ज्या वरकस जमिनीवर हे गवत उभे असे, तिच्यातला बराच भाग कधीकाळी याच लोकांच्या कसणुकीत होता, हे येथे विसरता कामा नये.

आता जरा भाऱ्याकडे वळू. पाचशे पौंड म्हणजे सुमारे २२७ किलो. अडीच रुपये म्हणजे जुने चाळीस आणे. साडेबारा पौंड, म्हणजे साधारण साडेपाच किलो गवत विळ्याने कापून, पेंड्या बांधून, वाहून आणले की एक आणा. वर्गात हे गणित घालून पाहावे. मुलांना ‘मागणी जास्त होती का?’ या प्रश्नाचे उत्तर स्वतःच देता येते.

दुसरे गणित मातीचे आहे. या डोंगरांवरची गवते वनस्पतिशास्त्राला चांगली परिचित आहेत. १९५४ ते १९६२ या काळात देशभरच्या गवताळ भागांची पाहणी झाली. तिच्या आधारे दाबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ साली भारतातील गवतांच्या आच्छादनावर जो ग्रंथ लिहिला, त्यात देशाचे पाच मोठे प्रकार पाडले आहेत. आपला द्वीपकल्पाचा भाग त्यांतल्या सेहिमा-डायकँथियम या प्रकारात मोडतो. सेहिमा म्हणजे आपल्याकडचे पवन्या आणि शेडा. डायकँथियम म्हणजे मारवेल. मारवेल हे जनावराच्या आवडीचे. जमीन फार चरली गेली किंवा वरचेवर जळली की मारवेल मागे पडते आणि कुसळी पुढे येते. तिची कुसळे धोतराला आणि जनावराच्या तोंडाला सारखीच टोचतात. पुण्याच्या शेती महाविद्यालयातील विल्यम बर्न्स यांनी कुलकर्णी आणि गोडबोले या सहकाऱ्यांसह १९२० आणि १९३० च्या दशकांत पश्चिम भारतातील गवतांचा अभ्यास केला होता. चराई बंद केली की गवतांचा क्रम कसा पालटत जातो, हे त्यांनी पाहिले. म्हणजे गवताकडे शास्त्रज्ञांचे लक्ष नव्हते असे नाही. लक्ष नव्हते ते गवत विकणाऱ्यांचे.

कोकणच्या पावसाची एक अडचण आहे. गवत कोवळे असते तेव्हा त्यात प्रथिने चांगली असतात, पण त्या वेळी पाऊस कोसळत असतो. कापले तर वाळत नाही, कुजते. पाऊस उघडून ऊन पडते तोवर गवताला फुलोरा येऊन बी धरलेले असते आणि पानातले नत्र बियांत किंवा मुळांत गेलेले असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापलेल्या वाळक्या गवतात प्रथिनांचे प्रमाण चार टक्क्यांच्या आसपास उतरते. म्हशीच्या पोटातला पहिला मोठा कप्पा म्हणजे एक आंबवण्याचे पातेले आहे. त्यातले सूक्ष्मजीव गवताचा काष्ठमय भाग फोडतात. त्या सूक्ष्मजीवांना स्वतःच्या वाढीसाठी नत्र लागते. चाऱ्यातली प्रथिने सुमारे सात टक्क्यांच्या खाली गेली की त्यांचे काम मंदावते, गवत पोटात पडून राहते, आणि जनावर पुढ्यात चारा असूनही कमी खाते. मुंबईच्या तबेल्यात सरकी आणि पेंड या महाग खाद्यांवाचून म्हैस दुधाला टिकत नसे, त्याचे एक कारण या चार टक्क्यांत आहे.

प्रथिनांना सव्वासहाने भागले की नत्र मिळते. २२७ किलो गवतात चार टक्के, म्हणजे सुमारे नऊ किलो प्रथिने. त्यांत जवळजवळ दीड किलो नत्र. वारल्याला ज्या भाऱ्याचे अडीच रुपये हवे होते, त्या भाऱ्यातून सव्वातीन किलो युरियाइतके नत्र दर खेपेस मुंबईला जात होते. हेक्टरी तीन टन गवत निघते असे धरले तर वर्षाला हेक्टरी एकोणीस-वीस किलो. आकडा लहान दिसतो, पण त्याच्या उलट दिशेने काहीच येत नव्हते. पावसाच्या पाण्यातून थोडे नत्र उतरते, मातीतले स्वतंत्र जिवाणू थोडे बांधतात, आणि उरलेली तूट माती भरून काढते. स्फुरदाचे तर आभाळातून येणेही नाही. एकदा गाठीत बांधून गेले ते गेले.

ही तूट भरून काढणारी वनस्पती गवतातच उगवत होती. पालघर भागातली माणसे श्रावणात जी कवल्याची भाजी खातात, तो कवला म्हणजे स्मिथिया या प्रजातीतला, पिवळ्या फुलांचा, लाजाळूसारख्या बारीक पानांचा. तो शिंबावर्गीय, म्हणजे वाल-तुरीचा भाऊबंद. त्याच्याशेजारी जमिनीलगत पसरणारे रानमूग आणि सालवणाच्या जातीची झुडपेही सापडतात. या सर्वांच्या मुळांवर गाठी असतात. गाठीत राहणारे जिवाणू हवेतले नत्र वनस्पतीला मिळवून देतात.

आज आठवीच्या पुस्तकात असलेली ही गोष्ट सिद्ध व्हायला मात्र अर्धे शतक लागले, आणि त्यातली एक चूक शिक्षकांनी मुद्दाम सांगावी अशी आहे. फ्रान्समध्ये बूसँगोल यांनी १८३८ साली दाखवले की क्लोव्हरमध्ये जमिनीत नव्हते इतके नत्र जमा होते, गव्हात होत नाही. इंग्लंडमधील रोदॅमस्टेड येथे लॉज, गिल्बर्ट आणि प्यू यांनी १८५७-५८ मध्ये हा प्रयोग फार काटेकोरपणे करून पाहिला. बाहेरून काही मिसळू नये म्हणून त्यांनी माती चांगली तापवून घेतली. झाडांनी हवेतले नत्र घेतलेच नाही! काटेकोरपणाच आड आला होता. तापवलेल्या मातीत जिवाणू मेलेले होते, आणि असे जिवाणू असतात हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हते. पुढे १८८६ साली जर्मनीत हेलरीगेल आणि विल्फार्थ यांनी मुळांवरच्या गाठींचा आणि नत्राचा संबंध जाहीर केला. १८८८ साली हॉलंडच्या बायरिंक यांनी गाठीतले जिवाणू वेगळे काढून वाढवले.

युरोपातल्या शेतकऱ्यांनी मात्र शास्त्रज्ञांची वाट पाहिली नव्हती. गवतात क्लोव्हर मिसळून पेरण्याची रीत तिकडे त्याच्या दोन शतके आधी रुळू लागली होती. या मिश्रणात दोघांचाही फायदा असतो. गवताची मुळे वरच्या थरात दाट, द्विदलाचे सोटमूळ खोल. गवत उभे वाढते, द्विदल त्याच्या फटींतून. द्विदलाची पाने-मुळे कुजली की त्यांतले नत्र गवताला मिळते. शिवाय द्विदलाच्या पानातली प्रथिने गवताइतक्या झपाट्याने उतरत नाहीत. आपल्या आधीच्या उदाहरणात तीन टन गवताऐवजी दोन टन गवत आणि एक टन द्विदल असते, आणि द्विदलात चौदा टक्के प्रथिने धरली, तर मिश्रणाची सरासरी सात टक्क्यांच्या किंचित वर जाते. म्हणजे म्हशीच्या पोटातले पातेले नीट चालू लागते. इतका फरक एक तृतीयांश द्विदलाने पडतो.

कोकणच्या शेतकऱ्याला हे तत्त्व अपरिचित होते असे समजणे चूक ठरेल. भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर वाल टाकायचा, बांधावर तूर लावायची, आणि उन्हाळ्यात भाताच्या पेंढ्याबरोबर वालाचे वाळलेले वेल बैलापुढे टाकायचे, ही मिश्र वैरणच आहे. फरक एवढाच की वाल त्याने स्वतःच्या खाचरात पेरला, स्वतःच्या बैलाला घातला, आणि शेण त्याच खाचराच्या राबात परत आले. वरकसवरचे गवत कापणारा एक, जमिनीचा मालक दुसरा, म्हशीचा मालक तिसरा, आणि म्हैस उभी सत्तर मैलांवर. द्विदल कोण पेरणार? कापणाऱ्याची जमीन नाही. जमीनदाराला गवत फुकट उगवते. तबेलेवाला वजनाने गवत घेतो, प्रथिनांच्या टक्क्यांनी नाही.

येथे आम्हाला एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटते, कारण ‘द्विदल पेरा, जमीन सुधारेल’ हे वाक्य पुस्तकांत फार सैलपणे येते. द्विदलाचा दर टन वाळका चारा साधारणपणे वीस ते पंचवीस किलो नत्र हवेतून बांधतो. पण चौदा टक्के प्रथिनांचा एक टन चारा कापून नेला तर बावीस किलोच्या वर नत्र त्याच्याबरोबर जाते. म्हणजे सगळेच कापून गाडीत भरले तर हिशेब फार तर बरोबरीत सुटतो, आणि गवताची तूट तशीच राहते. द्विदलाने जमीन सुधारते ती जनावर तेथेच चरत असेल किंवा शेण परत येत असेल तर. जनावर जेवढे नत्र खाते त्यातला तीन चतुर्थांशाहून जास्त भाग शेण-मुतातून बाहेर टाकते. इंग्लंडमधल्या शेतावर तो भाग शेतातच पडत होता. पालघरच्या गवतातला तो भाग मुंबईच्या गटारांतून समुद्रात गेला.

मग वरून रासायनिक खत दिले तर? रोदॅमस्टेडलाच १८५६ साली गवताच्या कुरणावर सुरू झालेला एक प्रयोग आजही चालू आहे. ज्या तुकड्यांना दरवर्षी नत्रखत दिले तेथे मोजकी उंच गवते माजली आणि द्विदले जवळजवळ नाहीशी झाली. ज्यांना नत्र न देता स्फुरद आणि पालाश दिले तेथे द्विदले वाढली आणि त्यांच्या जोरावर उत्पन्नही चांगले आले. फुकट नत्र मिळू लागले की गवताला शेजाऱ्याची गरज उरत नाही, ते त्याला सावलीत दडपून टाकते. मुंबईजवळ ट्रॉम्बेला १९६० च्या दशकात मोठा खतकारखाना उभा राहिला. डोंगरावरून गाठींच्या रूपाने मुंबईला गेलेले नत्र मुंबईहून गोणीतून विकत आणायची सोय झाली, एवढाच त्याचा अर्थ पालघरच्या शेतकऱ्यापुरता घेता येईल. वरकसवर ती गोणी सहसा पोचलीच नाही, हे कवल्याच्या दृष्टीने बरेच झाले.

पुन्हा १९४५ कडे वळू. त्या वर्षीच्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली होती आणि मे महिन्यात उंबरगाव तालुक्यातल्या झरी गावी वारल्यांची मोठी सभा झाली होती. वेठ आणि लग्नगडी बंद, हा तेथला निश्चय. गवत कापणीचा हंगाम आला तेव्हा लोक संघटित झालेले होते आणि त्यांना या मालाचे एक मर्म ठाऊक होते. भात चार दिवस उशिरा कापले तरी घरात येते. पिकलेले गवत मात्र उभे राहिले की दिवसेंदिवस वाळत जाते, बी गळते, पाने झडतात, आणि एखाद्या वणव्यात एका दुपारी सगळे जाते. संप लांबला तर जमीनदाराचा माल डोळ्यांदेखत हलका होत होता. १० ऑक्टोबरला तलवाडा येथे हजारो वारली जमले असता पोलिसांनी गोळीबार केला. त्यात पाच जण मृत्युमुखी पडले. जेठ्या गांगड यांचे नाव त्यांतले पहिले म्हणून आजही घेतले जाते. लोक मागे हटले नाहीत आणि अडीच रुपयांचा दर जमीनदारांना मान्य करावा लागला.

मजुरी वाढली तरी गवताचे आकर्षण संपले नाही. किंबहुना १९४८ च्या कूळकायद्यानंतर जमीनदाराला गवत आणखीच सोयीचे झाले, कारण गवताला कूळ लागत नाही. उंबरगावच्या उत्तरेला लागून असलेल्या पारडी तालुक्यात हा प्रश्न उघड्यावर आला. तेथे चांगली कसण्याजोगी जमीनही मुंबईच्या बाजारासाठी गवताखाली ठेवली जाई आणि शेजारी भूमिहीन आदिवासी उपाशी असत. १ सप्टेंबर १९५३ रोजी ईश्वरभाई देसाई आणि अशोक मेहता यांच्या पुढाकाराने या गवताळ जमिनीत नांगर घालून धान्य पेरण्याचा सत्याग्रह सुरू झाला. तो चौदा वर्षे रेंगाळत चालला. १९६७ साली गुजरात सरकारच्या मध्यस्थीने तडजोड होऊन हजारो एकर जमीन आदिवासींना मिळाली. मधल्या काळात, १९६० साली, उंबरगावचा मोठा भाग गुजरातेत गेला आणि उरलेला तलासरी म्हणून महाराष्ट्रात राहिला. गवताला मात्र राज्याची हद्द कळत नव्हती. ते दोन्हीकडून मुंबईलाच जात होते.

म्हैस शहरातून बाहेर काढावी, हा विचारही याच काळातला. १९४९ साली दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने गोरेगावजवळ आरे वसाहत सुरू झाली. तेथे गोठे धुतलेले पाणी पॅरा गवताच्या शेतांत सोडण्यात आले. शेणातले नत्र निदान गवतापर्यंत तरी परत पोचवणारी ही मुंबईतली पहिली मोठी व्यवस्था म्हणता येईल. पण पॅरा हेही एकदलच. वाळका चारा बाहेरूनच येत राहिला. पुढे डहाणू-तलासरी भागातल्या दापचरी येथे दुग्धप्रकल्प आखला गेला. मुंबईच्या म्हशी येथे आणायच्या, कुर्झे धरणाच्या पाण्यावर चारा पिकवायचा, शेण येथल्याच जमिनीला द्यायचे, म्हणजे दूध जाईल आणि नत्र राहील. कागदावर ही योजना या सबंध लेखातल्या हिशेबाला उत्तर होती. त्यासाठी आदिवासींच्या जमिनी गेल्या. म्हशी मात्र मुंबई सोडून तितक्या संख्येने कधी आल्याच नाहीत आणि मूळ उद्दिष्ट तडीस गेले नाही. आमच्या मते या भागातल्या चाऱ्याच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी हुकलेली संधी होय. ती हुकण्याचे कारण गवतात शोधण्यापेक्षा, ज्यांची जमीन घेतली त्यांच्या घरात म्हैस का बांधली गेली नाही या प्रश्नात शोधावे.

शास्त्राची सामग्री तर त्याच सुमारास हाती येत होती. १९६२ साली झाशीला गवत व चारा संशोधनाची राष्ट्रीय संस्था निघाली. दक्षिण अमेरिकेच्या मूळच्या स्टायलो या द्विदलाच्या जाती ऑस्ट्रेलियामार्गे १९७० च्या दशकात आपल्याकडे आल्या. आम्लधर्मी, स्फुरद कमी असलेल्या मुरमाड जमिनीत स्टायलो तग धरतो, आणि मारवेल किंवा पवन्याच्या फटीत वाढतो. ऑस्ट्रेलियात मात्र एकाच जातीच्या स्टायलोवर भिस्त ठेवलेली हजारो एकर कुरणे त्याच दशकात करपा रोगाने गेली. मिश्रणात द्विदलांच्याही दोन-तीन जाती असाव्यात हे त्यावरून शिकता आले. पालघरच्या डोंगरावर स्टायलो टिकायचा तर आणखी एक अडचण सुटावी लागते. दिवाळीत गवत निघाले की जूनपर्यंत सगळा डोंगर मोकाट गुरांचा असतो. जानेवारीत जे काही हिरवे दिसेल ते आधी खाल्ले जाते, आणि हिरवे असते ते द्विदलच. बियाण्याची पिशवी वाटून हा प्रश्न मिटत नाही. गावाने ठरवून डोंगराचा काही भाग आळीपाळीने बंद ठेवला, तरच तेथे बी पडते आणि पुढच्या वर्षी रोप उगवते.

बोईसर-तारापूरची सपाटी आज पार बदलली आहे. १९६९ साली तारापूरचे अणुवीजकेंद्र सुरू झाले, पाठोपाठ औद्योगिक वसाहत आली, आणि आता बुलेट ट्रेनचे एक स्टेशन बोईसरला होऊ घातले आहे. वरकसचे उतार कुठे आंबा-काजूच्या वाड्यांखाली, कुठे गोदामांखाली गेले आहेत. तरी दिवाळीनंतर मनोर-वाड्याच्या रस्त्यांवर गवताने शिगोशीग भरलेला ट्रक अजून दिसतो. त्या मागे अडकून पडलेल्या एस.टी.त बसून आम्ही एकदा भाऱ्यांचा अंदाज करीत होतो. एका ट्रकात पाचशे पौंडांचे निदान दहा-पंधरा भारे, म्हणजे पंधरा-वीस किलो नत्र.

या भागातल्या शिक्षकांना एक प्रयोग फारशा साहित्याशिवाय करता येईल. ऑगस्टमध्ये शाळेजवळच्या माळावर मीटरभर लांबी-रुंदीचा चौकोन दोरीने आखावा आणि त्यातली एकदल व द्विदल रोपे मुलांकडून मोजून घ्यावीत. मग एक कवला मुळासकट, माती न झटकता, खणून काढावा आणि पाण्यात हलवून धुवावा. मुळांवरची मोहरीएवढी गाठ ब्लेडने कापली तर आत गुलाबी रंग दिसतो. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच जातीचे एक द्रव्य त्या गाठीत असते, आणि हा रंग दिसला की नत्र बांधण्याचे काम चालू आहे असे समजावे. चौकोनाच्या खुणा तशाच ठेवून ऑक्टोबरात, गवत कापायच्या आधी, तेथलाच दुसरा कवला खणावा. तोवर त्याला शेंगा धरलेल्या असतात. गाठी सुरकुतलेल्या, आतून हिरवट-तपकिरी निघतात. गुलाबी रंग क्वचितच एखादीत उरलेला असतो.